आजीकडे ठेवा म्हणे

२०२१ च्या दिवाळीपासून बेळगावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरत होता. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो तीनदा आला, तिन्ही वेळा खाली अंगठ्यांची रांग. मजकूर थोडक्यात असा: 'आता अंगणवाड्यासुद्धा उघडल्या. तरी कामावर न येणाऱ्या बायकांना लॉकडाऊनच्या फुकट पगाराची चटक लागली आहे. मालकाने तीन दिवस वाट बघावी आणि नाव कापावं, तो त्याचा हक्क. मुलांचं बघणं कंपनीची जबाबदारी नाही. आजीकडे ठेवा, आपण नाही का वाढलो?'

फुकट पगाराचं आधी, ते लवकर आटपतं. पगार कापू नका हा केंद्राचा आदेश २९ मार्च २०२० ला निघाला आणि १८ मेपासून मागे घेतला गेला. म्हणजे सात आठवडे. निपाणीत घरी विड्या वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांवर मिळते. पान-तंबाखू आला नाही की विडी नाही, आणि विडी नाही की पैसा नाही. बेळगावच्या वडगाव-शहापुरात माग थांबले, तेव्हा कांड्या भरणाऱ्या बायकांना कुणी घरबसल्या पगार दिला? चटक लागायला आधी चाखायला तरी मिळावं लागतं.

तीन दिवसांचा आकडा कुठून आला, देव जाणे. केंद्राच्या नमुना स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांच्या नमुन्यात, होतं ते असं की रजा संपून आठ दिवसांत परतलं नाही तर नोकरीवरचा हक्क जातो. पण त्यावरही सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली डी. के. यादव खटल्यात बजावलं, की चौकशी न करता आणि म्हणणं ऐकून न घेता असं नाव कापता येत नाही. कामगारकपात म्हणून काढायचं असेल, तर वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. सीमेपलीकडून, महाराष्ट्रातल्या चंदगडहून रोज येणाऱ्यांनाही हेच लागू. कारखाना कुठे आहे ते कायदा बघतो, आधार कार्डावरचं गाव नाही.

म्हणून बोलावणं आलं की गप्प बसू नका. मूल लहान आहे, सोय झालेली नाही, अमुक तारखेपर्यंत मुदत द्या, असं कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं सुपरवायझर विसरतो. मी एका वर्कशॉपात काही वर्षं मस्टर लिहिलंय, म्हणून सांगतो.

पाळणाघराबद्दल मेसेज सरळ खोटा होता. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याने, कारखान्यात ३० पेक्षा जास्त बायका असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यावीच लागायची. २०१७ च्या दुरुस्तीनंतर, प्रसूती लाभ कायद्याने ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं होतं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं होतं. ठेकेदाराच्या बायका वेगळ्या मोजून आकडा खाली ठेवायची युक्ती चालायची, पण त्या कारखाने कायद्यात ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच होता. हां, उद्यमबागेतल्या दहा-पंधरा जणांच्या वर्कशॉपला यातलं काहीच लागत नाही. तिथे मेसेज चुकून खरा ठरतो, आणि आपल्याकडे तशी वर्कशॉपं थोडी नाहीत.

आता आजी. ४ मे २०२० पासूनच्या केंद्राच्या नियमांत ६५ वर्षांवरच्यांनी घरीच राहायचं होतं आणि १० वर्षांखालच्या मुलांनीही. म्हणजे आजी तिच्या घरी, नातू त्याच्या घरी. त्याआधी १५ एप्रिलच्या आदेशात पाच वर्षांखालच्या मुलांच्या आईबापांना घरून काम करायला प्रोत्साहन द्या, असंही होतं. फाउंड्रीत कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, करणारी बाई घरून काय करणार, वाळू परड्यात आणून ओतणार? त्यात आपल्या भागातल्या कितीतरी आज्या सीमेपलीकडे, चंदगड-गडहिंग्लजकडच्या. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर पास मागत होते, तेव्हा नातवाला सांभाळायला म्हणून कुणाला सोडलं असतं?

आणि तारखा बघा. मे २०२० मध्ये कारखाने उघडू लागले. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले २५ ऑक्टोबर २०२१ ला, अंगणवाड्या ८ नोव्हेंबरला. मधलं दीड वर्ष आईने शिफ्ट करायची आणि पोराने कुठे राहायचं, हे ठरवायला कुठल्याही सरकारला सवड मिळाली नाही. आमच्या समोरच्या घरात चार वर्षांच्या पोराला नऊ वर्षांची बहीण सांभाळायची, बाहेरून कडी लावून. आई कामावर जात होती. ती आळशी असती तर पोरं तरी सुखात राहिली असती.

तेव्हा त्या आईला तो मेसेज वाचून दाखवला. भाकरी थापता थापता म्हणाली, "अंगणवाडी दुपारलाच सुटतीय की ओ, आणि माझी शिफ्ट साडेपाचला. मधल्या टायमाला पोरगं काय त्या मेसेजवाल्याकडं ठेवू?"