सत्तावन्नावा भाग

पुण्याच्या जुन्या बाजारात खिशातलं घड्याळ विकायला बसलेल्या प्रत्येकाचे आजोबा रेल्वेत असतात. "गार्ड होते साहेब," म्हणत तो घड्याळाला हलकासा झटका देतो, आपल्या कानाशी धरतो आणि ते टिकटिकायला लागतं. झटका दिला की मेलेलं घड्याळही घटकाभर टिकटिकतं, हे मला अकरा वर्षांच्या नादानंतर पक्कं ठाऊक आहे. तरी आठशे रुपये दिले. मंगळवार पेठ ओलांडायच्या आत ते बंद पडलं.

तबकडीवर 'सिस्टीम रॉस्कोफ' होतं. हे रॉस्कोफ स्वित्झर्लंडचे. कामगाराला परवडावं म्हणून त्यांनी १८६७ साली २० फ्रँकचं घड्याळ काढलं, तेही अवघ्या ५७ भागांचं. एरवी शंभराच्या वर लागत. मग नकलाकारांची रीघ लागली आणि प्रत्येकाने तबकडीवर 'सिस्टीम' लिहून हात झटकले. रॉस्कोफ पुण्याचे असते, तर 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावून मोकळे झाले असते.

रविवारी मी टेबल मांडलं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि सुटे भाग ठेवायला आप्पेपात्र. (सात खळगे, प्रत्येकात एक कुटुंब. याहून सोयीची वस्तू या छंदात नाही. घरात याबद्दल वेगळं मत आहे.) सगळं सुरळीत चाललं होतं. मग चावी उलटी फिरू नये म्हणून खिटीला दाबून धरणारी ती केसाएवढी स्प्रिंग आली. चिमट्यातून 'टिंग' असा आवाज झाला, आणि पुढे काही नाही. पडल्याचा आवाजच आला नाही. ती खाली पडत नसावी, थेट मोक्षाला जात असावी.

आप्पेपात्रात मोजले. ५६.

घरात आणीबाणी जाहीर झाली. पंखा बंद, केरसुणी बंद. सगळ्यांनी अनवाणी चालायचं, टोचलं तर जागेवरच थांबून हाक मारायची. मी टॉर्च घेऊन पलंगाखाली.

"अहो, दिसतं तरी कसं ते?"

"कापलेल्या नखासारखं."

"मग चार दिलीत शोधून. आणि आप्प्यांचं पीठ आंबलंय."

चिरंजीवांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं. त्याला दोन टाचण्या, एक पिन आणि २०१४च्या दिवाळीतली आकाशकंदिलाची तार लागली. ते मी टेबलापासून लांब हाकललं, कारण चुंबक लागलं की बालकमानीची, म्हणजे घड्याळाची लय सांभाळणाऱ्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ उधळतं.

शेवटी पेठेतल्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून एका दिवंगत रॉस्कोफची स्प्रिंग काढून दिली, पैसे घेतले नाहीत, पण बोलणी घातली. "कापडाचं एक टोक टेबलाला ठोकायचं, दुसरं गळ्यात बांधायचं. लहान मुलाचं लाळेरं असतं ना, तसं. उडालं तरी मांडीत पडतं." चाळीस वर्षं ते असंच बसतात. मी अकरा वर्षं ऐटीत बसत होतो.

घड्याळ सुरू झालं. दुसऱ्या दिवशी बघतो तर ३९ मिनिटं मागे. मला भरून आलं. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' १९५५पर्यंत सोडली नव्हती! हे मी बायकोला उत्साहाने सांगितलं.

"आपण पुण्यात राहतो," ती म्हणाली.

आणीबाणी उठली. केर काढताना कामाच्या मावशींनी हाक मारली. "दादा, हे तुमचं का?" तळहातावर माझी स्प्रिंग! मी सुटकेचा श्वास घेतला, आणि मग तिच्या शेजारचा तो बारका स्क्रू दिसला.

तो या घड्याळाचा नव्हता. माझ्या कपाटात आणखी तेवीस घड्याळं आहेत. सगळी चालू आहेत, असं मी आजवर लोकांना सांगत आलो आहे.