फेसबुकच्या भरवशावर तालुक्याची पत्रकारिता उभी राहणार नाही

विदर्भातल्या पत्रकारांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जात आहे. फेसबुकसारखी बलाढ्य कंपनी सशुल्क बातमीपत्रांच्या, म्हणजे लेखकाने वर्गणीदारांना थेट ई-मेलने पाठवायच्या लिखाणाच्या (न्यूजलेटरच्या), व्यवसायात उतरली असल्यामुळे तालुक्याच्या वार्ताहराला आता मालकाची आणि जाहिरातींची गरज उरलेली नाही, असे त्यात म्हटले आहे. कंपनी वर्गणीतला एक रुपयाही कापत नाही, वाचकांची यादी लेखकाच्याच मालकीची राहते, वाचक फेसबुकवर आधीच हजर आहेत, आणि महिन्याला ९९ रुपये देणारे ५०० वाचक मिळाले की जवळपास पन्नास हजार रुपये घरबसल्या हाती येतात, असा हिशेबही सोबत दिलेला आहे. दिग्रस, अहेरी, अर्जुनी मोरगाव अशा ठिकाणी जाहिरातीच्या कमिशनवर वर्षे काढणारी तरुण मुले हा मजकूर वाचून काम सोडण्याचा विचार करतात, म्हणून त्यातील प्रत्येक दावा तपासणे आवश्यक वाटते.

पहिला दावा मुळातच शिळा आहे. फेसबुकने ‘बुलेटिन’ नावाची सशुल्क बातमीपत्रांची सेवा जून २०२१ मध्ये सुरू केली, हे खरे; पण ती मुख्यतः अमेरिकेतील निवडक लेखकांसाठी होती, त्या लेखकांना कंपनीने स्वतः निमंत्रण दिले होते आणि लिखाणासाठी आपल्या खिशातून मानधनही दिले होते. मॅल्कम ग्लॅडवेल आणि मलाला युसुफझाई यांच्यासारखी, आधीच जगभर वाचकवर्ग असलेली नावे त्यात होती. स्थानिक पत्रकारांसाठी ५० लाख डॉलरची तरतूद जाहीर झाली होती, तीही अमेरिकेपुरतीच. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने ही सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि २०२३ च्या सुरुवातीला ती गुंडाळली गेली. ट्विटरचा मार्गही हाच होता: जानेवारी २०२१ मध्ये त्या कंपनीने ‘रेव्ह्यू’ ही बातमीपत्रांची सेवा विकत घेतली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी बंद केली. दोन बलाढ्य कंपन्यांचे हे प्रयोग दोन वर्षांच्या आसपास संपले. एखाद्या साप्ताहिकाला तालुक्यात विश्वास कमावायला याहून अधिक काळ लागतो, हे ज्यांनी साप्ताहिक चालवले आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

कंपनी काहीही कापत नव्हती, हे विधान त्या काळापुरते बरोबर आहे. सबस्टॅक ही या क्षेत्रातील जुनी कंपनी वर्गणीतून १० टक्के घेते, ट्विटरने रेव्ह्यूचा हिस्सा ५ टक्क्यांवर आणला होता आणि फेसबुकने तो सुरुवातीला शून्य ठेवला. मात्र जी कंपनी वर्गणीतून काही कमावत नाही, तिला ती वर्गणी टिकवण्याचीही निकड नसते. फेसबुकचे जवळपास सारे उत्पन्न जाहिरातींचे आहे. बातमीपत्र हा तिच्यासाठी बाजूचा प्रयोग होता आणि खर्च आवरण्याची वेळ येताच तो थांबवला गेला. शून्य टक्क्यांकडे पाहून ज्याने हातचे काम सोडले असते, त्याच्या घरखर्चाची जबाबदारी कंपनीवर कधीच नव्हती.

वाचकांच्या यादीचा मुद्दा या मजकुरातला सर्वांत प्रामाणिक मुद्दा आहे. बुलेटिन बंद होताना लेखकांना आपल्या वर्गणीदारांचे ई-मेल पत्ते सोबत नेता आले, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. परंतु ती यादी ई-मेलची होती. आपल्याकडे अनेक शेतकऱ्यांचा ई-मेल पत्ता कुठल्यातरी ऑनलाइन अर्जासाठी सेवा केंद्रावर तयार झालेला असतो, त्याचा पासवर्ड केंद्रचालकाच्या वहीत असतो आणि तो पुन्हा उघडला जात नाही. गावातला माणूस मोबाइल क्रमांकावर सापडतो. त्यामुळे अमेरिकेत जी यादी लेखकाचे भांडवल ठरते, ती राळेगाव तालुक्यात केवळ कागद ठरण्याची शक्यता जास्त आहे.

वाचक फेसबुकवर आधीच आहेत, हा दावा सर्वांत अधिक फसवणारा आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो. वाचक तिथे आहेत, पण बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचवायची की नाही हे कंपनी ठरवते, आणि तिने हा निर्णय वारंवार बदललेला आहे. २०१५ मध्ये तिने ‘इन्स्टंट आर्टिकल्स’ आणून वृत्तपत्रांना आपला मजकूर थेट फेसबुकवर ठेवण्यास सांगितले. ती सोय २०२३ मध्ये बंद झाली. व्हिडिओ पाहिल्याचा सरासरी वेळ आपण फुगवून दाखवत होतो, हे तिने २०१६ मध्ये मान्य केले; तोवर अमेरिकेतील अनेक वृत्तसंस्था लिखाणाकडून व्हिडिओकडे वळू लागल्या होत्या. जानेवारी २०१८ मध्ये तिने बातम्यांपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या मजकुराला झुकते माप दिले. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये, बातम्यांचा मोबदला देण्यास सांगणाऱ्या कायद्याला उत्तर म्हणून, तिने संपूर्ण कॅनडात बातम्या दाखवणे बंद केले. त्याच महिन्यात तिथल्या यलोनाइफ या शहरातील लोकांना वणव्यामुळे घरे सोडावी लागली, आणि त्या धावपळीत त्यांना फेसबुकवरून एकमेकांना बातम्यांच्या लिंकही पाठवता येत नव्हत्या. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावांना वेढले होते, ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांनी हे चित्र आपल्या नदीकाठच्या गावांवर ठेवून पाहावे. फेसबुकवर वाचक जमवणे म्हणजे मक्त्याने केलेल्या शेतात स्वतःच्या खर्चाने विहीर खोदणे होय.

आता ५०० वर्गणीदारांचा हिशेब. रक्कम गुणून पाहिली तर बरोबर येते, पण हा हिशेब दर महिन्याला पगार मिळणाऱ्या वाचकाचा आहे. कोरडवाहू विदर्भात पैसा दिवाळीच्या सुमारास आणि त्यानंतर, सोयाबीन आणि कापूस विकल्यावर येतो. जून-जुलैमध्ये बी-बियाण्यांसाठीच उसनवारी चालू असते. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, कार्डावरून आपोआप रक्कम कापून घेण्यासाठी ग्राहकाची आधी स्वतंत्र मंजुरी लागते आणि प्रत्येक कपातीपूर्वी त्याला किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. ग्राहकाच्या हिताचा हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे ‘एकदा जोडला की कायमचा’ असा वर्गणीदार इथे गृहीत धरता येत नाही. वार्षिक वर्गणी आणि तीही कापसाचा चुकारा हाती आल्यावर मागणे, ही आपल्या साप्ताहिकांची जुनी रीत इथल्या पैशाच्या चक्राला धरून होती.

वाचक पैसे देणारच नाहीत, असे मात्र मला अजिबात वाटत नाही. कोणत्या गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या वर दाखवली गेली आणि त्यामुळे टंचाईच्या सवलतींतून ते गाव का सुटले, पीक विम्याच्या पंचनाम्याला कोण आले आणि कोण आलेच नाही, ग्रामसभेत कोणता ठराव वाचला गेला आणि इतिवृत्तात कोणता लिहिला गेला, ही माहिती त्या गावाला दुसरीकडे कुठे मिळत नाही. ती मिळवण्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात, माहिती अधिकाराचे अर्ज करावे लागतात आणि त्यांच्या उत्तरांची महिनोन्महिने वाट पाहावी लागते. अशी बातमी छापल्यावर वाळूच्या ठेकेदाराची किंवा एखाद्या पुढाऱ्याची अब्रुनुकसानीची नोटीस आली, तर तिला उत्तर कोण देणार? वृत्तपत्राचा मालक कितीही कंजूष असला तरी तो खटल्यात सहसा सोबतचा आरोपी असतो आणि वकील त्यालाही करावा लागतो. एकट्या बातमीपत्रकाराला तो वकील वर्गणीच्या पैशातूनच करावा लागेल. म्हणून ज्यांना हा मार्ग धरायचा आहे त्यांनी दोन-तीन तालुक्यांतील वार्ताहरांना सोबत घ्यावे, वर्गणीदारांचे मोबाइल क्रमांक आणि पत्ते स्वतःच्या नोंदवहीत ठेवावेत, आणि पहिल्या वर्षाच्या वर्गणीतला एक भाग जिल्हा न्यायालयातील वकिलाच्या शुल्कासाठी वेगळा काढून मगच जुने काम सोडावे.