स्टिल आणि हस्कवर्ना एकच? अजिबात नाही

‘स्टिल आणि हस्कवर्नाच्या चेनसॉ (झाडं कापायच्या यांत्रिक करवती) एकाच कारखान्यात बनतात, फरक फक्त रंगाचा,’ असा मेसेज बागायतदारांच्या ग्रुपवर फिरतोय. साफ चूक. स्टिल जर्मन, १९२६ सालची. हस्कवर्ना स्वीडिश, १६८९ पासूनची आणि मुळात बंदुका बनवणारी! घोळ बहुधा जोनसेरेडमुळे झाला असावा. तो लाल रंगाच्या चेनसॉचा ब्रँड खरंच हस्कवर्ना समूहात होता.

ताकदीत मात्र दोघी तोडीस तोड: स्टिलची एमएस २६१ ही ५०.२ सीसीची, हस्कवर्नाची ५५० एक्सपी मार्क टू ५०.१ ची. माझी मशीन फणसाच्या खोडात अडायला लागली तेव्हा मीही कंपनीला शिव्या घातल्या. खाली बघतो तर पिठासारखा भुसा, म्हणजे चेनच बोथट. कानस मारली, लगेच जाड कीस पडायला लागला.