एक साहेब, एक टेबल

शाळेतल्या मित्रांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. यंदा जानेवारीत महापालिकांच्या निवडणुका लागल्या तेव्हा त्यावर एकाने लिहिलं, "प्रशासकच बरा होता. एक साहेब, एक टेबल. आता परत एक्क्याऐंशी टेबलं." कोल्हापूरच्या सभागृहात नगरसेवकांच्या जागा ८१. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मीही हसलो, आणि मग उगाच गंभीर होऊन काहीतरी लिहिलं. लगेच उत्तर आलं, "भावा, तुला तिथं बसून बोलायला काय जातंय!"

खरंय. मी अकरा वर्षं पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात आहे, सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगचं काम करतो. कोल्हापूरच्या खड्ड्यांतून माझी गाडी जात नाही. तरीही तो विनोद डोक्यातून जाईना.

कारण हिशेब असा आहे. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे पाच वर्षांचा अख्खा एक कार्यकाळ नगरसेवकांशिवाय, सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेला. मुंबई-पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, तिथेही जवळजवळ चार वर्षं तोच प्रकार. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचना. कारणं होतीच, आणि काही रास्तही होती. पण राज्यघटनेत स्वच्छ लिहिलंय की मुदत संपण्याआधी निवडणूक पुरी झाली पाहिजे. विधानसभेची निवडणूक अशी पाच वर्षं लांबली असती तर देश डोक्यावर घेतला असता. महापालिकेची लांबली आणि आमच्या ग्रुपवर पाच वर्षांत त्याबद्दल एक मेसेज नाही. जुलै २०२१ चा महापूर ह्याच काळात आला. तेव्हा माजी नगरसेवक कमरेएवढ्या पाण्यात फिरत होते, पण "माजी" म्हणून.

तर तिथं बसून मला काय दिसतं, ते सांगतो.

पोलंडला आलो तेव्हा वाटलं होतं, कोल्हापूर म्हटल्यावर इथले लोक मिठी मारतील. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ मध्ये आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. वॉर्सात त्याचं स्मारकसुद्धा आहे. प्रत्यक्षात माझ्या इमारतीत वळिवड्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही. हे शहरच निर्वासितांचं आहे. १९४५ पर्यंत हे जर्मन ब्रेस्लाऊ होतं. जर्मन हाकलले गेले आणि त्यांच्या रिकाम्या घरांत पूर्वेकडून, ल्वुफ (आताच्या युक्रेनमधलं लविव) वगैरे भागांतून, उठवलेले पोलिश लोक येऊन राहिले. इथं कुणाचाच आजा ह्या मातीतला नाही. कोल्हापूरकराला हे समजायलाच वेळ लागतो. आपल्याकडे माणूस आधी पेठेचा असतो, मग शहराचा.

अशा उपऱ्यांच्या शहरावर वरून चाळीसेक वर्षं कम्युनिस्ट राज्य होतं. स्थानिक कौन्सिलं तेव्हाही होती आणि त्यांच्या निवडणुकाही होत. पण यादी पक्षाची, पैसा वॉर्साचा आणि कौन्सिलचं काम वरचा हुकूम खाली पोचवायचं. त्या काळातला एक शब्द माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी शिकवला. "चिन स्पोवेच्नी" म्हणजे सामाजिक कार्य. रविवारी कारखान्यातल्या सगळ्यांनी बाग साफ करायची, झाडं लावायची. स्वखुशीने, पण हजेरी लागायची. मी म्हटलं, आमच्या शाळेत ह्याला श्रमदान म्हणत, साहेब येऊन फोटो काढून जाईपर्यंत झाडू हातात धरायचा. आजोबा खूप हसले. तेव्हापासून आम्ही एकमेकांना जरा जास्तच ओळखतो. आजही त्यांना सोसायटीच्या बागेत मदतीला बोलावलं की म्हणतात, "हजेरी कोण घेणार?"

आता माझ्या मित्राच्या विनोदाकडे वळतो. आपल्या लोकांची लायकी नाही, साहेबच बरा, असा त्याचा अर्थ. पोलंडमध्ये काय झालं ते बघा. १९८० मध्ये सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली आणि वर्षभरात तिचे जवळपास एक कोटी सभासद झाले. देशाची लोकसंख्या साडेतीन कोटी. ह्याच व्रोत्स्वाफमध्ये पुढे पोरांनी बुटके उभे केले. सरकारविरोधी घोषणांवर पोलीस रंगाचं ठिगळ मारत, त्या ठिगळावर ही पोरं टोपीवाला बुटका काढत. १९८८ मध्ये श्विद्नित्स्का रस्त्यावर बुटक्यांच्या टोप्या घालून मोर्चा निघाला आणि पोलिसांना बुटके पकडून गाडीत भरावे लागले. आज शहरभर त्या बुटक्यांचे ब्राँझचे पुतळे आहेत आणि पर्यटक त्यांचं नाक चोळतात. म्हणजे आंदोलन करायला हे लोक कमी नाहीत.

१९८९ मध्ये सरकार आणि सॉलिडॅरिटी यांच्यात झालेल्या गोलमेज चर्चेत पक्षाने संसदेच्या काही जागा खुल्या निवडणुकीला सोडायचं कबूल केलं. पण स्थानिक स्वराज्याच्या उपसमितीत तोडगा निघाला नाही, फक्त मतभेद नोंदवले गेले. मला हा तपशील फार बोलका वाटतो. सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, शंभरच्या शंभर जागा द्यायला सत्ता तयार झाली, पण गावाच्या तिजोरीची किल्ली द्यायला नाही. त्या टेबलावर सॉलिडॅरिटीच्या बाजूने येझी रेगुल्स्की नावाचे प्राध्यापक होते. सरकार बदलल्यावर त्यांनीच हे काम अंगावर घेतलं. ८ मार्च १९९० ला कायदा झाला आणि २७ मे १९९० ला ग्मीनांच्या, म्हणजे गावं आणि शहरं चालवणाऱ्या संस्थांच्या, निवडणुका झाल्या. कम्युनिझमनंतरची ही पोलंडमधली पहिली पूर्ण खुली निवडणूक. संसदेच्या आधी ती ह्यांनी गटार-दिव्यांची घेतली.

त्या ऐतिहासिक दिवशी मतदान किती झालं असेल? सुमारे ४२ टक्के. नऊ वर्षांपूर्वी ज्या देशातला जवळजवळ दर तिसरा माणूस संघटनेत होता, त्यातले निम्म्याहून अधिक घरी बसले. "लोक अजून तयार नाहीत" म्हणायला ह्याहून चांगला पुरावा कुठे मिळणार? पण निवडणूक पुढे ढकलली गेली नाही. पाणी, शाळा, ट्रॅम, सरकारी घरं, जमिनी हळूहळू ग्मीनांच्या नावावर झाल्या. लोक तयार झाले असतील तर ते त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम नेहमी उलटा सांगितला जातो: आधी नागरिकांवर संस्कार होऊ देत, मग अधिकार देऊ. सायकल यायला लागली की सायकल घेऊन देतो, असं म्हणणाऱ्या बापासारखं.

हे संस्कार प्रत्यक्षात कसे होतात, ते मी आमच्या इमारतीत पाहिलं. इथल्या फ्लॅटमालकांच्या मंडळाची वार्षिक सभा कायद्याने मार्चअखेरपर्यंत घ्यावी लागते. आपल्या हाउसिंग सोसायटीत एक सभासद एक मत असतं, इथे मत क्षेत्रफळाप्रमाणे मोजतात. ज्याचा फ्लॅट मोठा त्याचं मत जड. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी सहकाराच्या जिल्ह्यातला माणूस म्हणून चक्क भाषण ठोकलं, मोडक्या पोलिशमध्ये. कुणी विरोध केला नाही, कुणी दुजोराही दिला नाही. मग दोन तास लिफ्टच्या दुरुस्तीच्या दरपत्रकांवर चर्चा झाली. कंटाळवाणी. एकही माणूस आवाज चढवून बोलला नाही आणि मला कोल्हापूरच्या सभेची आठवण येऊन भरून आलं. पण पुढच्या वर्षी त्या दरपत्रकांतला फरक मला वाचता येत होता.

मला इथे संसदेसाठी मत नाही, शहराच्या महापौरासाठीही नाही. मी परकीय नागरिक. पण नागरिकांच्या अर्थसंकल्पात आहे. २०१८ च्या कायद्याने मोठ्या शहरांना खर्चाचा किमान अर्धा टक्का रहिवाशांच्या थेट मतदानाने ठरवावा लागतो, आणि कायद्यातला शब्द "रहिवासी" आहे. पहिल्यांदा मत दिलं ते नदीकाठच्या एका पायवाटेला. ती जिंकली. व्हायला दोन वर्षं लागली, दिवे हवे होते त्याच्या निम्मेच आले, पण त्या वाटेवरून जाताना मी अजून जरा छाती काढून चालतो.

गंमत म्हणजे ह्यात पुणे पोलंडच्या आधी आहे. पोलंडमधला पहिला प्रयोग २०११ चा, सोपोत गावातला. पुणे महापालिका २००६ पासून अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून कामं मागवते आहे. फरक एवढाच की पुण्यात नागरिक सुचवतो आणि निवड दुसरं कुणीतरी करतं. सुचवणाऱ्याला फार तर फॉर्म भरल्याचं समाधान मिळतं. अर्थात इथेही फुशारकी मारण्यासारखं फार नाही. बाकं आणि झाडं आम्ही ठरवायची, बिल्डरला कुठे टॉवर बांधू द्यायचा ते दुसरीकडे ठरतं. यागोद्नो नावाची दक्षिणेकडची वस्ती अशीच वाढली. ट्रॅमची मागणी वर्षानुवर्षांची. ऑक्टोबर २०२३ च्या संसदीय निवडणुकीत तिथल्या एका केंद्रावर इतकी रांग लागली की मतदान पहाटे तीनच्या सुमारास संपलं. रात्री नऊला एक्झिट पोल आले, देशाचा निकाल जवळजवळ कळला, तरी थंडीत कुणी हललं नाही. शेजारच्यांनी चहा आणला, ब्लँकेटं आणली, पिझ्झे आले. देशभर मतदान ७४ टक्क्यांवर गेलं. ४२ पासून ७४ पर्यंत यायला तेहतीस वर्षं लागली.

पण इथलं नागरी धैर्य बघून डोळे पाणावलेले मराठी लेख मी वाचलेत, आणि त्यात एक गोष्ट गाळलेली असते. २०१९ मध्ये डझनावारी स्थानिक कौन्सिलांनी ठराव करून आपला भाग समलिंगी "विचारसरणी"पासून मुक्त असल्याचं जाहीर केलं. रेगुल्स्कींनी जिवापाड उभ्या केलेल्या त्याच कौन्सिलांनी. युरोपचा निधी अडायला लागल्यावर बरेच ठराव मुकाट्याने मागे गेले. २०२५ च्या उन्हाळ्यात जर्मन सीमेवर "नागरिकांच्या गस्ती" उभ्या राहिल्या, स्थलांतरितांना अडवायला. स्वयंसेवक, स्वखर्चाने, संघटित. नागरी समाजाच्या व्याख्येत चपखल बसणारे. माझ्या रंगाच्या माणसाने त्या आठवड्यांत सीमेकडे सहलीला जायचं टाळलं. माणसं एकत्र येऊ लागली की चांगल्यासाठीच येतात, हा भ्रम मला इथे राहून उरला नाही.

पुराची गोष्टही अशीच दुपेडी आहे. जुलै १९९७ मध्ये ओद्रा नदी शहरात शिरली. लोकांनी वाळूची पोती रचून शहराचे काही भाग वाचवले. उपऱ्यांचं शहर त्या दिवसांत एक झालं, असं इथला प्रत्येक जण सांगतो. कमी सांगितलं जातं ते वानी गावाचं. शहर वाचवायला त्या गावाजवळचा बांध फोडायचं सरकारने ठरवलं होतं. गावकरी बांधावर उभे राहिले आणि त्यांनी तो फोडू दिला नाही. शहराचा मोठा भाग बुडाला. कुणाचं बरोबर? अलमट्टी धरणावरून कर्नाटकाशी भांडणाऱ्या आपल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा मीही पोती भरायला गेलो. पश्चिमेकडच्या बांधावर युक्रेनी, पोलिश आणि आम्ही चार भारतीय. पोतं किती भरायचं ते मला ठाऊक होतं. तोंडापर्यंत नाही, अर्ध्याच्या वर थोडं, नाहीतर ते बसत नाही. २०१९ च्या महापुरात सुट्टीवर आलो असताना हे शिकलो होतो. "कुठे शिकलास?" एकाने विचारलं. पंचगंगेचं नाव त्याला तीन वेळा सांगावं लागलं.

म्हणून "आपल्या लोकांची लायकी नाही" हे मी मान्य करत नाही. टोलच्या विरोधात कोल्हापूर वर्षानुवर्षं रस्त्यावर होतं. ऐंशीच्या घरातले एन. डी. पाटील मोर्च्यांत पुढे असायचे. टोल गेला. ज्या गावाने टोल घालवला त्या गावाचं सभागृह पाच वर्षं बंद राहिलं, आणि त्यासाठी मोर्चा निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आपल्याला आंदोलन येतं. कारभाराची हाव मात्र नाही, म्हणजे नगरसेवक व्हायची नव्हे, ते कोण होतोय आणि काय करतोय हे बघत राहायची. पोलंडलाही ती आपोआप आली नाही. ठरलेल्या तारखेला, थोड्या मतदानातही, निवडणूक होत राहिली म्हणून थोडीफार आली.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं नाही. एवढं कोण वाचतंय. पण परवा त्याच मित्राचा मेसेज आला. मुलाच्या शाळेपुढे गतिरोधक हवा म्हणून त्याने नव्या नगरसेवकाला सकाळी सहाला फोन केला होता.

"उचलला का?" मी विचारलं.

"उचलला. झोपेत होता. म्हटलं, मत मागायला आलेलास तेव्हा बरा जागा होतास."