खुलासा : बालवाडीत ‘नुसतं खेळवतात’ हा गैरसमज

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘नव्या धोरणात बालवाडीत नुसता खेळ आहे. हे परदेशी फॅड आहे. तिसऱ्या वर्षीच लिहायला बसवा, नाहीतर मूल पहिलीत मागे पडेल.’ हे तिन्ही दावे चुकीचे आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा आहे. अक्षरं आणि अंक त्यात आहेतच, फक्त ते खेळ, गाणी, गोष्टींमधून यावेत असं म्हटलंय.

फॅड म्हणाल, तर बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे त्यांच्या सहकारी अनुताई वाघांसोबत जवळच्या कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणातच वर्ग भरले. महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले, पानं वापरली. आपल्याच मातीतलं इतकं मोठं काम आपण विसरावं, याचं वाईट वाटतं.

आता लिहिण्याचं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. तिसऱ्या वर्षी त्यातली निम्म्याहून अधिक अजून कूर्चाच, म्हणजे मऊ असतात, पक्की हाडं झालेली नसतात. म्हणून लिहायला बसवण्याची घाई नको. चिमटीत एकेक चिंचोका उचलून वाटीत टाकणारं मूल बघा : तीच बोटं पुढे पेन्सिल धरतात. ‘एक चिंचोका, एक वाटी’ जुळवताना मोजणीही सुरू झालेली असते.

प्रवेश घेताना वह्या किती भरतात हे विचारू नका. बाई रोज गोष्ट सांगतात का, मुलांना बोलू देतात का, ते विचारा.