पोरगी अमेरिकेत काय करते?

आमच्या मुलीनं अमेरिकेतल्या लहान मुलांच्या समर कॅम्पवर जायचं ठरवलं, तेव्हा खरी कसरत व्हिसाची असेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. असं काही दिवसांसाठी जाणाऱ्यांना मिळणारा जे-1 व्हिसा, सरकारी नोंदणीची 35 डॉलरची सेव्हिस फी, मुंबईला बीकेसीत जाऊन मुलाखत, सगळं सुरळीत पार पडलं. ती विमानात बसली आणि माझी मुलाखत सुरू झाली. सांगलीच्या मारुती चौकात चहा पिताना, भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढून होईपर्यंतसुद्धा.

पहिला प्रश्न ठरलेला. "कुठल्या कंपनीत?"

कंपनी नाही, कॅम्प. तळ्याकाठी लाकडी खोल्या, त्यात सात-आठ वर्षांची पोरं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला ही. थोडक्यात, उन्हाळी शिबिर. एवढं म्हटलं की समोरचा छत्री नीट धरत आभाळाकडे बघतो. जुलै महिना, आयर्विन पुलाखाली कृष्णा चढत चाललेली, शाळा सुरू होऊन घटक चाचणी तोंडावर आलेली, आणि हा गृहस्थ उन्हाळी शिबिराच्या गोष्टी सांगतोय! तिकडच्या शाळांना जून ते ऑगस्ट सुट्टी असते हो, असं मी सांगतो. लोक मान हलवतात. पटल्याची ती मान नव्हे.

पगाराचं मी आता स्वतःहूनच सांगून टाकतो. राहणं-खाणं त्यांचं, हातखर्चाला थोडे पैसे, बाकी सगळी हौस. शेजारच्या काकांनी यावर बराच वेळ विचार केला. "पोरंच सांभाळायची होती तर आमचा नातू होता की. तिकिटाचे पैसे वाचले असते."

आत्याची काळजी निराळी. "भांडी घासायला लावत असतील रे तिला." इथं मात्र माझ्याकडे भक्कम उत्तर होतं. कॅम्प कौन्सिलर, म्हणजे पोरांवर लक्ष ठेवणारे, म्हणून या व्हिसावर गेलेल्यांना स्वयंपाक, धुणीभांडी, साफसफाई अशा कामांवर नेमता येत नाही, असा अमेरिकन सरकारचा नियमच आहे. आत्या गप्प झाली. मग म्हणाली, "इथं पण करत नव्हतीच. सरकारला कसं कळलं?"

खरा घोटाळा गोचिडीनं केला. त्या भागातल्या गवतात गोचिडी फार. त्या चावल्या की लाइम नावाचा आजार होऊ शकतो. कनेक्टिकटमधल्या लाइम गावात त्याचा छडा लागला, म्हणून हे नाव. त्यामुळं रानातून फिरून आलं की पोरांचे कान, मान, केसांची मुळं तपासायची, गोचीड दिसली तर चिमट्यानं धरून सरळ ओढून काढायची. हे मुलीनं मोठ्या उत्साहानं फोनवर सांगितलं आणि मी फोन स्पीकरवर ठेवला होता. घरात आत्या होती. दुसऱ्या दिवशी गावाकडून चुलतभावाचा फोन. "दादा, पोरगी अमेरिकेत गोचिड्या काढती म्हणं? इथं म्हशीजवळ कधी फिरकली नाही ती!"

जाण्याआधी खाऊवरून जे झालं ते वेगळंच. सांगलीचं माणूस परगावी निघालं की सोबत भडंग जाणारच. बायकोनं मोठा डबा भरून ठेवला. मग कॅम्पचं पत्र आलं: शेंगदाणा किंवा शेंगदाण्याचा अंश असलेली कोणतीही वस्तू आणू नये. काही मुलांना त्याची इतकी ॲलर्जी असते की श्वास कोंडतो, तातडीनं मांडीत इंजेक्शन द्यावं लागतं. शेजारचे काका म्हणाले, "शेंगदाण्यानं माणूस जात असता तर आपला जिल्हा कधीच ओस पडला असता." ही मात्र जिद्दीची. एक दुपार बसून तिनं डब्यातला एकेक शेंगदाणा वेचून काढला. राहिले तिखट-मीठ लावलेले चुरमुरे. तेवढ्यात मुलीनं विचारलं, "आई, फोडणी कशाची?" फोडणी शेंगतेलाची होती. तो डबा पुढं कितीतरी दिवस मीच खाल्ला, बिनशेंगदाण्याचा.

पोहण्याबद्दल ऐकून तर आमचं घाटावरचं सगळं मंडळ हसलं. तळ्यात उतरताना प्रत्येक मुलाला एक जोडीदार नेमून देतात. शिट्टी वाजली की असेल तिथं थांबून जोडीदाराचा हात धरून वर करायचा, मग मोजणी होते. आम्हाला पाठीला वाळका भोपळा बांधून नदीत ढकलायचे आणि मोजणी संध्याकाळी घरी, ताटं मांडताना व्हायची. हे मी मंडळात अभिमानानं सांगत होतो. तेव्हा एक जण हळूच म्हणाला, "शिट्टीचं बरं आहे." त्यावर कुणी काही बोललं नाही.

परवा मिरजेहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाजात साखर. "मुलगी अमेरिकेत असते असं कळलं. आमच्या भाच्यासाठी विचारत होतो. ग्रीन कार्ड आहे का?"

म्हटलं, चार महिन्यांचा व्हिसा आहे, तोही वाढवून मिळत नाही.

"मग काय करते तिथं?"

मी तोपर्यंत थकलो होतो. म्हटलं, गोचिड्या काढते.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "म्हणजे व्हेटर्नरी. चांगलंय की. पत्रिका पाठवून द्या."