ब्रायन क्लफ आणि करिष्म्याची दंतकथा: एक प्रतिवाद

नॉटिंगहॅम फॉरेस्ट या इंग्लिश फुटबॉल क्लबचे माजी मॅनेजर ब्रायन क्लफ यांच्याविषयीचा एक मजकूर नेतृत्वगुणांवरच्या लेखांत, भाषणांत आणि एकाने दुसऱ्याला पाठवायच्या संदेशांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: क्लफ यांना डावपेचांशी काही देणेघेणे नव्हते, खिशात पैसा नसताना, दुसऱ्या श्रेणीत खितपत पडलेल्या एका किरकोळ क्लबला त्यांनी एकहाती, निव्वळ व्यक्तिमत्त्वाच्या जोरावर सलग दोनदा युरोपचा विजेता बनवले, खेळाडूंना अपमानाचे चटके देऊन त्यांच्यातले सर्वोत्तम बाहेर काढले, आणि लीड्स युनायटेड या क्लबमध्ये ते अपयशी ठरले ते केवळ तिथल्या खेळाडूंनी कट केल्यामुळे. तात्पर्य असे की नेत्यापाशी करिष्मा असला की बाकीचे आपोआप जुळून येते.

यातल्या दोन युरोपियन कपांबद्दल, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेतल्या विजेतेपदांबद्दल, वाद असण्याचे कारण नाही. 30 मे 1979 रोजी म्युनिकमध्ये माल्मोविरुद्ध आणि 28 मे 1980 रोजी माद्रिदमध्ये हॅम्बुर्गविरुद्ध फॉरेस्टने प्रत्येकी 1-0 असा विजय मिळवला. प्रश्न आहे तो या विजयांचे श्रेय ज्या कारणाला दिले जाते त्याचा.

डावपेचांपासूनच सुरुवात करू, कारण संपूर्ण दंतकथा याच खांबावर उभी आहे. क्लफ फळ्यावर बाण काढत बसत नसत, प्रतिस्पर्ध्यांवर लांबलचक व्याख्याने देत नसत, सरावही बेताचाच घेत आणि हंगामाच्या ऐन मध्यावर संघाला मायोर्का बेटावर विश्रांतीला धाडत, हे सारे खरे आहे. मात्र फळा न वापरणे आणि विचार न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1968 मध्ये त्यांनी टॉटनहॅमकडून डेव्ह मॅके या तिशी ओलांडलेल्या, पायाचे हाड दोनदा मोडून बसलेल्या खेळाडूला 5,000 पौंडांत डर्बी काउंटीत, म्हणजे फॉरेस्टच्या आधी ते ज्या क्लबचे मॅनेजर होते तिथे, आणले, तेव्हा अनेकांनी त्यात म्हातारा घोडा विकत घेण्याची हौस पाहिली. मॅकेची ख्याती होती मधल्या फळीत मैदानभर धावण्याची, टक्कर देण्याची. डर्बीत त्याला बचावफळीत तरुण रॉय मॅकफर्लंडच्या शेजारी उभे केले गेले. धावण्याचे काम मॅकफर्लंडकडे आणि पाहण्याचे, सांगण्याचे व चेंडू शांतपणे पुढे देण्याचे काम मॅकेकडे आले. त्याच हंगामात डर्बीने दुसरी श्रेणी जिंकली आणि फुटबॉल लेखकांच्या संघटनेने मॅकेला टोनी बुकसोबत वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान विभागून दिला. थकत चाललेल्या खेळाडूचे नेमके काय उरले आहे आणि ते मैदानाच्या कोणत्या भागात उपयोगी पडेल हे ओळखणे जर डावपेचांत मोडत नसेल, तर मग डावपेच म्हणजे नेमके काय, हे या मजकुराच्या कर्त्यांनीच सांगावे.

फॉरेस्टमध्येही हेच घडले. केनी बर्न्स हा बर्मिंगहॅमचा आघाडीचा खेळाडू. त्याच्या तापट वागण्यामुळे त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. 1977 मध्ये त्याला 1,50,000 पौंडांना घेऊन लॅरी लॉइडच्या जोडीला मध्यवर्ती बचावपटू करण्यात आले. त्यांच्या मागे गोलरक्षक म्हणून पीटर शिल्टन आला. 1977-78 च्या हंगामात फॉरेस्टने 42 लीग सामन्यांत फक्त 24 गोल खाल्ले, लिव्हरपूलपेक्षा सात गुण जास्त मिळवून विजेतेपद घेतले, आणि बर्न्स वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. नोव्हेंबर 1977 ते डिसेंबर 1978 या काळात हा संघ सलग 42 लीग सामने अपराजित राहिला. इतका काळ प्रतिस्पर्ध्यांना जिंकू न देणारी बचावफळी ड्रेसिंग रूममधल्या भाषणांतून तयार होत नाही.

संघाच्या रचनेतही एक मुद्दाम ठेवलेला असमतोल होता. डाव्या कडेला जॉन रॉबर्टसन रेषेला चिकटून उभा राही, तर उजवीकडून मार्टिन ओ'नील आत सरकून मधल्या फळीला हातभार लावी. रॉबर्टसन अंगाने स्थूल, वेगाने बेताचा. क्लफ आले तेव्हा तो क्लबच्या अडगळीत पडल्यासारखाच होता. पण दोन्ही पायांनी चेंडू खेळवणारा आणि गर्दीतून अचूक क्रॉस देणारा हा माणूस संघाचा खरा सूत्रधार आहे, असे ठरल्यावर इतरांना दिलेली सूचना अगदी साधी होती: चेंडू मिळाला की त्याच्याकडे द्या. म्युनिकच्या अंतिम सामन्यात ट्रेव्हर फ्रान्सिसने डोक्याने मारलेला गोल रॉबर्टसनच्या क्रॉसवर झाला; माद्रिदमधला गोल त्याने स्वतः केला.

माद्रिदचा सामना तर डावपेचांचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. फ्रान्सिस जायबंदी होता आणि समोर केव्हिन कीगनचा हॅम्बुर्ग होता. क्लफ यांनी गॅरी बर्टल्सला आघाडीवर एकटे ठेवले, मधल्या फळीत पाच जण उभे केले, त्यांत अठरा वर्षांच्या गॅरी मिल्सला घेतले, आणि पहिल्या अर्ध्या तासातच गोल झाल्यावर संघ मागे सरकून राहिला. देखणा खेळ मुळीच नव्हता. ज्याचा डावपेचांवर विश्वास नसतो, असा मॅनेजर युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात आघाडीचा एक खेळाडू कमी करून बसत नाही.

आता 'एकहाती' या दाव्याकडे वळू. पीटर टेलर यांचे नाव या मजकुरात एक तर येतच नाही किंवा विनोदी साथीदार म्हणून एका ओळीत उरकले जाते. टेलर हे मिडल्सब्रोचे गोलरक्षक. तिथे क्लफ हा तरुण आक्रमक किती चांगला आहे हे सर्वांत आधी त्यांनी ओळखले. मिडल्सब्रोकडून 213 लीग सामन्यांत 197 गोल करणाऱ्या क्लफ यांची कारकीर्द संडरलँडमध्ये असताना 26 डिसेंबर 1962 रोजी बरीविरुद्धच्या सामन्यात गोलरक्षकाशी टक्कर होऊन गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्याने जवळजवळ संपली. 1965 मध्ये तिसाव्या वर्षी ते हार्टलपूल्सचे मॅनेजर झाले, तेव्हा पहिला फोन त्यांनी टेलर यांना केला. हार्टलपूल्स, डर्बी, ब्रायटन आणि फॉरेस्ट या चार क्लबांत दोघे एकत्र होते.

कामाची वाटणी साधी होती. टेलर खेळाडू शोधत, पारखत, त्यांच्या खासगी सवयींचीही चौकशी करत. बर्न्सविषयी खात्री करून घेण्यासाठी ते कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानापर्यंत त्याच्या मागावर गेले होते, ही हकीकत इंग्लंडमध्ये सर्वश्रुत आहे. क्लफ निर्णय घेत, बोलणी उरकत, खेळाडूला घडवत आणि जगाला सामोरे जात. स्वतः क्लफ यांनीच म्हणून ठेवले आहे की आपण दुकानाची दर्शनी काच आहोत आणि खरा माल मागे टेलर यांच्याकडे आहे. इतक्या आत्मप्रौढीच्या माणसाने दिलेली ही कबुली त्यांचे चाहते मात्र वाचायला तयार नसतात.

शिवाय येथे तुलनेला चांगली सोय आहे. जानेवारी 1975 मध्ये क्लफ फॉरेस्टमध्ये आले ते एकटेच. तो हंगाम दुसऱ्या श्रेणीत सोळाव्या स्थानावर संपला, पुढचा आठव्या. 1976 च्या उन्हाळ्यात टेलर आले. त्यानंतरच्या हंगामात तिसरे स्थान आणि पहिल्या श्रेणीत बढती, त्यानंतर थेट तिथले विजेतेपद, त्यानंतर दोन युरोपियन कप. करिष्मा 1975 मध्येही तोच होता, जीभही तीच होती. अर्थात टेलर यांच्या येण्यानेच सगळे झाले असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा भाबडेपणा ठरेल, कारण ब्रायटनमध्ये दोघे एकत्र असूनही 1973 च्या हिवाळ्यात संघ वॉल्टन अँड हर्शम या हौशी क्लबकडून एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत 4-0 असा हरला आणि चारच दिवसांत ब्रिस्टल रोव्हर्सने त्यांच्याच मैदानावर त्यांना 8-2 असे धुतले. जोडी होती, करिष्मा होता, पण खेळाडू त्या तोडीचे नव्हते आणि क्लफ यांचे मन नुकत्याच सोडलेल्या डर्बीतच अडकलेले होते.

पैशांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. लाँग ईटन युनायटेडकडून 2,000 पौंडांत आलेला बर्टल्स आणि न्यूकॅसलकडून विनामूल्य मिळालेला फ्रँक क्लार्क यांची उदाहरणे खरीच आहेत, परंतु त्याच क्लफ यांनी 1972 मध्ये डेव्हिड निशसाठी 2,25,000 पौंड मोजून तेव्हाचा ब्रिटिश विक्रम केला, तोही डर्बीच्या संचालकांना पुरते विश्वासात न घेता. आणि फेब्रुवारी 1979 मध्ये फ्रान्सिसच्या रूपाने दहा लाख पौंडांचा पहिला ब्रिटिश खेळाडू विकत घेणारा क्लब फॉरेस्टच होता. गरीब क्लबची गोष्ट ऐकायला गोड लागते, इतकेच. उलट, जे खरोखर नोंदवण्याजोगे आहे ते या मजकुरात सापडत नाही: म्युनिकमध्ये खेळलेले रॉबर्टसन, व्हिव्ह अँडरसन, टोनी वुडकॉक आणि इयन बॉयर हे चौघे क्लफ येण्याआधीपासून फॉरेस्टमध्येच होते.

लीड्सचे प्रकरण कटाच्या सिद्धांतावर सोपवून मोकळे होता येत नाही. 1974 मध्ये लीड्सचे मॅनेजर डॉन रेव्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे मॅनेजर झाले आणि क्लफ यांनी त्यांची जागा घेतली, ती विजेत्या संघाची. या संघावर तो घाणेरडा खेळतो अशी जाहीर टीका ते कित्येक वर्षे करत आले होते. आल्यावर त्यांनी खेळाडूंना, तुम्ही पदके फसवणुकीने मिळवली आहेत, ती कचऱ्यात टाका, असे सुनावल्याचे त्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितले. टेलर ब्रायटनमध्येच थांबले होते. सहा लीग सामन्यांत एक विजय, दोन बरोबरी, तीन पराभव, आणि 44 दिवसांत गच्छंती. खेळाडू त्यांच्याविरुद्ध गेले हे खरेच. पण ज्या कर्तबगार माणसांचा तुम्ही पहिल्याच बैठकीत पाणउतारा करता, ती तुमच्या बाजूने उभी राहतील ही अपेक्षाच मुळात चमत्कारिक आहे. हा संघ संपलेला होता असेही म्हणता येत नाही, कारण त्याच हंगामाच्या शेवटी, जिमी आर्मफिल्ड यांच्या हाताखाली, तो युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

अपमानाच्या चटक्यांविषयीचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो वाचून उद्या एखादा अधिकारी हाताखालच्या माणसाला चारचौघांत झापेल आणि त्यालाच नेतृत्व समजेल. क्लफ कठोर होते, क्वचित क्रूरही. परंतु ज्या खेळाडूंची कारकीर्द त्यांनी घडवली त्यांच्या बाबतीत कठोरपणाच्या जोडीला तितकाच ठळक विश्वास दिसतो. जॉन मॅकगव्हर्न हा हार्टलपूल्सचा किशोरवयीन खेळाडू; क्लफ त्याला डर्बीत घेऊन गेले, लीड्समध्ये घेऊन गेले, प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली तेव्हाही त्याला सोडले नाही, आणि अखेर फॉरेस्टचा कर्णधार म्हणून दोन्ही युरोपियन कप त्यानेच उंचावले. मार्च 1979 मधल्या लीग कपच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री लवकर झोपायला निघालेल्या खेळाडूंना क्लफ आणि टेलर यांनी हॉटेलात बसवून ठेवले, शॅम्पेन मागवली आणि गप्पा रंगवल्या. दुसऱ्या दिवशी मध्यंतराला मागे असलेल्या फॉरेस्टने साउदॅम्प्टनला 3-2 असे हरवले. हा प्रयोग शहाणपणाचा होता की नाही यावर वाद घालता येईल, पण खेळाडूंवरचा ताण हलका करणे हा त्यामागचा हेतू उघड आहे, आणि तो अपमानाच्या नेमका उलट आहे.

जिथे विश्वास नव्हता आणि केवळ धाक होता तिथे काय झाले, हे जस्टिन फॅशानूच्या बाबतीत दिसते. 1981 मध्ये नॉरिचकडून दहा लाख पौंडांना आलेल्या या तरुण आघाडीच्या खेळाडूच्या समलैंगिकतेबद्दल कळल्यावर क्लफ यांनी त्याची जी निर्भर्त्सना केली ती त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात नोंदवली आहे. त्याला सरावाला येण्यास बंदी घातली गेली; तो आला तेव्हा पोलिसांना बोलावले गेले. या चटक्यांतून कोणताही सर्वोत्तम खेळ बाहेर आला नाही. एक गुणी खेळाडू त्या क्लबमध्ये वाया गेला.

माझ्या मांडणीवर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. टेलर 1982 मध्ये गेले, पुढच्याच वर्षी डर्बीचे मॅनेजर या नात्याने त्यांनी रॉबर्टसनला फॉरेस्टमधून उचलले, आणि दोघांतला अबोला ऑक्टोबर 1990 मध्ये टेलर यांच्या मृत्यूपर्यंत सुटला नाही. तरीही क्लफ यांनी 1989 आणि 1990 असे दोन लीग कप जिंकले आणि फॉरेस्टला तीनदा तिसऱ्या स्थानावर नेले. तेव्हा एकट्याची ताकद कमी लेखू नये. ती मी लेखतही नाही. तेव्हा इंग्लिश क्लबांना युरोपियन स्पर्धांत खेळण्यास बंदी होती; ती नसती तर त्या संघाची कीर्ती आणखी पसरली असती. पण त्या यशाकडे जवळून पाहिले तर पुन्हा निवडच दिसते: स्टुअर्ट पिअर्स, डेस वॉकर, क्लफ यांचा मुलगा नायजेल, आणि 1990 मध्ये आयर्लंडच्या कोव्ह रँबलर्समधून आलेला रॉय कीन. 1992 मध्ये वॉकर इटलीला गेला, हंगाम नुकताच सुरू झालेला असताना टेडी शेरिंगहॅमला विकले गेले, आणि दोघांच्याही जागी त्यांच्या तोडीचे कोणी आले नाही. मद्यपान तोवर हाताबाहेर गेले होते, आणि ज्यांचा शब्द क्लफ ऐकत असत असे कोणी जवळ उरले नव्हते. स्टेडियममध्ये त्यांचा जयजयकार तेव्हाही पूर्वीइतकाच होत होता. मे 1993 मध्ये प्रीमियर लीगचा पहिला हंगाम संपला, तेव्हा 42 सामन्यांत 40 गुण मिळवलेला फॉरेस्ट बावीस संघांत बाविसावा होता.